आपल्याच नावाची दलाली

पैठणच्या एका पैठणी विक्रेत्याचा मागच्या दिवाळीचा हिशोब मी तपासत होतो. वेबसाइटवरच्या विक्रीत अफिलिएटचा, म्हणजे गिऱ्हाईक आणून देऊन कमिशन घेणाऱ्यांचा, वाटा एकदम फुगला होता. एकूण विक्री मात्र होती तिथेच. उलगडा झाला तो मालकांच्या पुण्यातल्या भाचीमुळे. रात्री साडेअकराला तिने दुकानाचं नाव गूगलवर टाकलं आणि स्क्रीनशॉट पाठवला: सगळ्यात वर ‘प्रायोजित’, खाली दुकानाचंच नाव, दुकानाचाच पत्ता. “मामा, तुम्ही जाहिरात द्यायला लागलात का?” मामांनी एक रुपयाचीही जाहिरात दिली नव्हती. जाहिरात अफिलिएटनेच, दुकानाच्या नावावर दिली होती. त्या ओळीवर बोट ठेवलं की पत्त्याच्या पट्टीत क्षणभर भलताच पत्ता चमकायचा आणि मग दुकानाची साइट उघडायची. तेवढ्यात त्या गिऱ्हाइकावर अफिलिएटचा शिक्का बसलेला असायचा. संभाजीनगरात आम्ही चार दिवस शोधलं, जाहिरात दिसली नाही. ठरावीक शहर वगळायची आणि ठरावीक तासच जाहिरात चालवायची सोय असते. मालक जिथे बसतो तो भाग वगळणं ही या धंद्यातली जुनी युक्ती आहे.

आमच्याकडच्या भाषेत सांगायचं तर, शेतकरी सोयाबीन घेऊन ठरलेल्या अडत्याकडे निघालाय, मोंढ्याच्या फाटकात कुणीतरी त्याच्या गाडीला हात लावतो, चार पावलं सोबत चालतो आणि त्याच अडत्याकडे दलाली मागतो. मोंढ्यात हे एक दिवस खपणार नाही. इंटरनेटवर वीस वर्षांहून जास्त काळ खपतंय.

याचे दोन धागे वेगवेगळे सुरू झाले. ॲमेझॉनने १९९६ मध्ये ‘असोसिएट्स’ योजना आणली: तुमच्या पानावरून गिऱ्हाईक आलं आणि त्याने खरेदी केली, तर तुम्हाला कमिशन. व्यवहार रास्त होता, कारण पुस्तकाची ओळख करून देणाऱ्याने खरंच काही काम केलेलं असायचं. दुसरा धागा १९९८ चा. बिल ग्रॉस यांच्या ‘गोटू डॉट कॉम’ या सर्च इंजिनने शोधशब्दांचा लिलाव मांडला; ज्याची बोली मोठी तो वर, आणि पैसे क्लिक झाल्यावरच. गूगलचं ॲडवर्ड्स, म्हणजे शोधाच्या पानावर जाहिराती विकणारं दालन, ऑक्टोबर २००० मध्ये आलं आणि फेब्रुवारी २००२ मध्ये तेही क्लिकच्या लिलावाकडे वळलं. आता क्लिक विकत घेऊन कमिशनवर विकता येऊ लागला. क्लिक स्वस्त आणि खरेदीची खात्री जास्त, असा शब्द कोणता? दुकानाचं स्वतःचं नाव. नाव टाइप करणाऱ्याचं मन आधीच ठरलेलं असतं.

नियमांनी वाट आणखी मोकळी केली. २००४ मध्ये गूगलने अमेरिका आणि कॅनडात दुसऱ्याचा ट्रेडमार्क कीवर्ड, म्हणजे बोली लावायचा शोधशब्द, म्हणून वापरण्यावरचं बंधन काढलं, २००९ मध्ये ती मुभा आणखी १९० हून अधिक देशांत दिली. मधे जानेवारी २००५ मध्ये एक नियम आला, ज्याकडे माझ्या मते पुरेसं लक्ष गेलं नाही: एका शोधात एका वेब-पत्त्याची एकच जाहिरात. एकाच साइटच्या अफिलिएट जाहिरातींची पानभर गर्दी त्याने थांबली, हे चांगलंच झालं. पण जागा एकच उरल्यावर मालक आणि अफिलिएट तिच्यासाठी समोरासमोर आले. अफिलिएटची बोली सरस ठरली, तर मालकाची स्वतःची जाहिरात दिसतच नसे.

यात मालकाचं किती जातं, याचा अंदाज ईबे या ऑनलाइन बाजाराच्या एका प्रयोगातून येतो. २०१२ मध्ये त्यांनी याहू आणि बिंगवर स्वतःच्या नावावरच्या जाहिराती थांबवल्या. गेलेल्या क्लिकपैकी ९९.५ टक्के फुकटच्या निकालांतून परत आले. ती माणसं येणारच होती. अशा गिऱ्हाइकावर कमिशन देणं म्हणजे सरळ खिशातून पैसे जाणं, आणि पैठणीच्या धंद्यात, जिथे एका साडीमागे विणकराचे कित्येक आठवडे असतात, ते मला फार लागतं.

कोर्टांनी काय म्हटलं? युरोपीय न्यायालयाने मार्च २०१० मध्ये लुई व्हिताँ या फ्रेंच फॅशन कंपनीच्या खटल्यात कीवर्ड साठवण्यापुरती गूगलला मोकळीक दिली. जाहिरातदाराला मात्र गिऱ्हाइकाचा गोंधळ केल्यास जबाबदार धरलं. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये, सामान हलवणाऱ्या अगरवाल पॅकर्सच्या प्रकरणात, गूगल नुसता बघ्या नाही असं सांगितलं. पण नाव कीवर्ड म्हणून वापरलं एवढ्यानेच उल्लंघन होत नाही, हेही सांगितलं. डिसेंबर २०२३ मध्ये मेकमायट्रिप विरुद्ध बुकिंग डॉट कॉममध्ये तीच दिशा कायम राहिली. हे सगळे वाद परक्यांनी नाव वापरल्याचे. अफिलिएट तर आपणच नेमलेला माणूस, त्यामुळे त्याला आवरायचं ते करारातूनच.

‘पैठणी’ या शब्दावर कुणीही बोली लावावी. ते कुणा एका दुकानाचं नाव नाही. दुकानाच्या नावाची मात्र आम्ही मनाई-यादी केली. एकच नाव लोक इंग्रजी अक्षरांत किती तऱ्हांनी लिहितात, ते तेव्हा कळलं. शिवाय नावापुढे कुणी औरंगाबाद लिहितं, कुणी संभाजीनगर, कुणी नुसतंच पैठण. यादी चौदा ओळींची झाली आणि नव्या करारात गेली. दिवाळीचं कमिशन मात्र पूर्ण द्यावं लागलं. जुन्या करारात तसं वाक्यच नव्हतं.