नुसत्या ‘शाब्बास’ने विश्वास दिसत नाही

इंदूरच्या पालकसभांत हमखास ऐकू येतं: सरांनी विश्वास ठेवला की मूल आपोआप हुशार होतं. या समजुतीचं मूळ आहे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रोझेन्थाल आणि मुख्याध्यापिका जेकबसन यांचा १९६८ साली छापलेला प्रयोग. त्यात चिठ्ठ्या काढाव्यात तशी निवडलेली सुमारे २० टक्के मुलं ‘चमकणार’ असं शिक्षकांना सांगितलं होतं. पुढे त्यांच्या बुद्धिमत्ता चाचणीच्या गुणांत ठळक फरक दिसला तो पहिली-दुसरीतच, हे मात्र कुणी सांगत नाही.

मुलाला विश्वास कळतो वागण्यातून. प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात, ‘कच्च्या’ मुलासाठी त्याहूनही कमी. मनात तीन मोजा. कुणी १/२ + १/३ = २/५ लिहिलं तर फुली मारून उत्तर देऊ नका; ‘२/५ तर अर्ध्याहून लहान, मग बेरीज घटली कशी?’ एवढंच विचारा. सोपं गणित देऊन वर ‘वा!’ म्हटलं, तर त्यामागे विश्वास नाही हे पोरांना बरोबर कळतं.