फंक्शन कॉल आणि फंक्शनचा संदर्भ

फंक्शन म्हणजे प्रोग्राममधले नाव दिलेले, हवे तेव्हा चालवता येणारे काम. फंक्शनच्या नावापुढे कंस दिले की ते तिथल्या तिथे चालते आणि त्याचे उत्तर हाती येते; हा कॉल. नुसते नाव लिहिले तर फंक्शनच मिळते, न चाललेले; हा संदर्भ. पायथॉन व जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषांमध्ये दोन्ही व्हेरिएबलमध्ये, म्हणजे मूल्य साठवणाऱ्या नावात, ठेवता येतात, आणि घोळ तिथेच होतो.

निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या साखर कारखान्याचा वजनकाटा घ्या. उसाने भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली २१ टन, रिकामी ६ टन, म्हणजे निव्वळ ऊस १५ टन. काट्यावरचा आकडा वाचणारे पायथॉन फंक्शन असे वापरले:

भरलेले = काटा_वाच()

इथे त्या क्षणाचा २१ हा आकडा साठतो. ट्रॉली रिकामी होऊन परत काट्यावर चढली तरी ‘भरलेले’ २१च राहते, आणि पावतीसाठी तेच हवे असते. याउलट:

वाचक = काटा_वाच

या ओळीने काहीच मोजले जात नाही; त्याच फंक्शनला दुसरे नाव मिळते. पुढे वाचक() लिहाल तेव्हा दर वेळी ताजे वजन येते. (पायथॉन ३ पासून, म्हणजे २००८ पासून, अशी नावे देवनागरीत चालतात, कन्नड लिपीतही चालतात, ‘डेफ’, ‘रिटर्न’ हे राखीव शब्द मात्र रोमनच.)

टीकिंटरमध्ये, म्हणजे खिडक्या-बटणे बनवण्याच्या पायथॉनच्या साधनात, बटणाच्या ‘कमांड’ला (दाबल्यावर काय चालवायचे ते) काटा_वाच() दिले, तर बटण तयार होतानाच एकदा वाचन होते, नंतर कितीही दाबा, नवे वाचन होत नाही. तिथे कंसाविना नाव द्यायचे. फंक्शनला माहिती पुरवायची असेल तर कॉल ‘लॅम्डा’त, म्हणजे छोट्या बिननावाच्या फंक्शनमध्ये, गुंडाळावा.

फंक्शनमध्ये उत्तर परत देणारे ‘रिटर्न’ विसरले तर कॉल करूनही व्हेरिएबलमध्ये ‘नन’, म्हणजे ‘काहीच नाही’, येते. कंसाचा यात दोष नसतो, पण शोध बहुधा तिथेच घेतला जातो.

वजन = वजन() ही ओळ त्याहून फसवी. पहिल्या गाडीला सुरळीत चालते, पण आता ‘वजन’ हे नाव फंक्शनचे न राहता आकड्याचे झालेले असते. दुसऱ्या गाडीला ‘इंट ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल’ असा टाइपएरर येतो. व्हेरिएबलला वेगळे नाव द्यावे.

सर्वांत वाईट चूक एररच देत नाही. ‘इफ’ अटीत गाडी_रिकामी() ऐवजी नुसते गाडी_रिकामी लिहिले, तर फंक्शन नेहमी ‘खरे’ धरले जाते आणि भरलेल्या गाडीचीही रिकामी म्हणून नोंद होते.

रुबी या भाषेत मात्र नियम वेगळा: तिथे कंस न देताही मेथड (तिथले फंक्शन) चालते, आणि ती न चालवता हाती घ्यायची तर ‘मेथड’ वापरून मागावी लागते.