टाइम ब्लॉक आणि टाइम बॉक्स एकच नाहीत हो

फ्रीलान्स लिहिणारे चार जण जमले की पहिला विषय अडकलेलं पेमेंट आणि दुसरा विषय दिवस कसा लावायचा. या दुसऱ्या विषयात कोणीतरी हमखास म्हणतं, "मी टाइम ब्लॉकिंग करते ना, पंचवीस मिनिटांचा टायमर लावते." अगं, तो बॉक्स झाला. तेवढ्यात दुसरा म्हणतो, "मी बॉक्सिंग करतो, सकाळी नऊ ते बारा फक्त लिखाण, फोन बंद." अरे बाबा, तो ब्लॉक. नावांवरून कोण भांडणार म्हणून मी बरीच वर्षं गप्प बसले, पण नावाचा घोळ झाला की कामाचाही होतो आणि तो मी स्वतः निस्तरलाय, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

ब्लॉक बहुतेकांना माहितीये. कॅलेंडरात ठरावीक तास एका कामासाठी राखून ठेवायचे, झालं. मुंबईकरांना तर रविवारचा मेगाब्लॉक आठवला की पुरे. तेवढे तास त्या रुळांवरून गाडी जाणार नाही, तिथे रूळ दुरुस्त करणाऱ्यांचं राज्य. काम उरलं तर पुढच्या कुठल्यातरी रविवारी परत ब्लॉक.

बॉक्स म्हणजे आपला जेवणाचा डबा. या कामाला चाळीस मिनिटं असं आधीच ठरवायचं, तेवढ्यात मावेल तेवढं भरायचं आणि झाकण लावायचं. बाहेर राहिलं ते राहिलं.

बाकीचे फरक, म्हणजे ब्लॉक मोठा की बॉक्स छोटा, कॅलेंडर वापरायचं की टायमर, कुठलं अ‍ॅप चांगलं, यात मला काडीचा रस नाही. कॅलेंडर सात रंगांत रंगवणाऱ्या लोकांचा तर मला रागच येतो, तेवढ्या वेळात एक इन्व्हॉइस गेलं असतं.

खरी गोम वेगळीच आहे. आपली काही कामं बाहेरून कोणी आत घुसल्यामुळे बिघडतात आणि काही कामं स्वतःच पसरत जातात म्हणून बिघडतात. लेखाचा पहिला खर्डा पहिल्या जातीचा. मनात वाक्य जुळत असतं तेवढ्यात सिलिंडरवाला बेल वाजवतो, आत्याचा फोन येतो ("घरीच असतेस ना, मग काय!"), क्लायंटला "दोनच मिनिटं" बोलायचं असतं, आणि ते वाक्य गेलं ते गेलंच. याला ब्लॉक पाहिजे. संदर्भ शोधणं, ईमेलला उत्तरं देणं, आधीच सात वेळा वाचलेला लेख आठव्यांदा घासणं ही दुसऱ्या जातीची. इथे कोणी त्रास देत नाही, आपणच थांबत नाही. इथे बॉक्स.

मी नेमकं उलटं करायचे. एका दिवाळी अंकासाठी पुण्याच्या जुन्या पाणीपुरवठ्यावर लिहायचं होतं, म्हणजे 1750च्या सुमाराची नानासाहेब पेशव्यांच्या काळातली, कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणणारी नहर. दोन हजार शब्द, मानधन ठरलेलं. मी मोठ्या शहाणपणाने सकाळी नऊ ते बाराचा ब्लॉक संदर्भासाठी ठेवला, फोन बंद, दार बंद, एकदम शांतता. त्या शांततेत मी कात्रजहून निघाले ती काळ्या हौदावर, तिथून बदामी हौदावर, मग नाना हौद, मग गॅझेटियर, मग एका जुन्या नकाशातली गल्ली आज कुठे आहे ते शोधत बसले. बारा वाजले तेव्हा वहीत अकरा पानं नोंदी होत्या आणि लेखाची एक ओळ नव्हती. असं तीन दिवस चाललं. मला कोणीच अडवलं नाही हाच तर प्रॉब्लेम होता! आणि मग घाबरून खर्डा लिहायला बसले तो पंचवीस मिनिटांचे टायमर लावून, म्हणजे नुकतं कुठे पाणी खापराच्या नळातून वाहायला लागलं की टुणकन घंटा, उठा, पाय मोकळे करा. परत बसल्यावर आधीच्या ओळी वाचून सूर लागेपर्यंत दहा मिनिटं जायची.

आता तो लेख करायचा झाला तर संदर्भाला पाऊण तासाचे दोन बॉक्स, फार तर तीन, आणि खर्ड्याला सकाळचा अडीच तासांचा ब्लॉक, घंटा-बिंटा काही नाही. पगारदार माणसाला हे एवढं टोचत नसेल कारण तास लांबले तरी महिन्याचा पगार तोच येतो, पण आपल्याला लेखाचे तीन हजार ठरले असतील तर दहा तासांत संपवला तर तासाला तीनशे आणि वीस तास घातले तर दीडशे, आणि ते वरचे दहा तास बहुतेक वेळा संदर्भातच बुडालेले असतात.

अजून एक नोंद मी लोकांच्या डायऱ्यांत बघते: "9 ते 11 – लेख संपवणे." हा ब्लॉकही नाही आणि बॉक्सही नाही. ब्लॉकमध्ये आपण फक्त हजर राहायचं कबूल केलेलं असतं, तीनशे शब्द झाले तरी ब्लॉक पाळला गेला, जेवायला उठा, उद्या परत आहेच. बॉक्समध्ये थांबायचं कबूल केलेलं असतं. "संपवणे" हे दोन्हीकडे बसत नाही, आणि अकरा वाजता लेख संपलेला नसतो तेव्हा उगाच अपराधी वाटत राहतं.

पोमोडोरोचं काय, हे विचारणारच तुम्ही. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन माणसाने 1980च्या दशकाच्या शेवटी, शिकत असताना, टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर वापरून ते सुरू केलं, पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं सुट्टी. माझ्या हिशोबाने तो बॉक्सच. प्रुफं तपासायला, सरकारी माहितीपत्रकांच्या भाषांतराला, रटाळ कामाला फार छान, पण पहिल्या खर्ड्याला मी तो शिवत नाही. कोणीतरी लगेच अँथनी ट्रोलप या जुन्या इंग्रज कादंबरीकाराचं उदाहरण देतं, की तो पोस्टातली नोकरी सांभाळून पहाटे घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द लिहायचा. लिहायचा, खरंय. पण तो शब्दांचा कोटा झाला, ही तिसरीच भानगड, ती इथे आणू नका.

आणि ब्लॉकमध्ये फोन आला तर? बॉक्समध्ये असेन तर मी उचलते, टायमर थांबवते, काही बिघडत नाही. ब्लॉकमध्ये "साडेअकरानंतर करते" एवढा मेसेज जातो, कोण आहे ते न बघता. सुरुवातीला वाटायचं क्लायंट तुटतील. तुटलं कोणीच नाही, फक्त एक संपादक आता बरोबर अकरा एकतीसला फोन करतात.