किक-अ‍ॅस

किक-अ‍ॅस : २०१० मध्ये प्रदर्शित झालेला ब्रिटिश-अमेरिकी हिंसक विनोदी चित्रपट. दिग्दर्शन मॅथ्यू व्हॉन. पटकथा जेन गोल्डमन व व्हॉन. अंगी कोणतीही अचाट शक्ती नसलेली माणसे नुसता पोशाख चढवून सुपरहिरो होऊ पाहतात, हे त्याचे कथासूत्र. (सुपरहिरोला ‘महानायक’ म्हणावे, तर तो शब्द अमिताभ बच्चन यांच्याशी जोडला गेला आहे, ‘अतिमानव’ला नीत्शेच्या तत्त्वज्ञानाची छटा आहे. म्हणून येथे रूढ शब्दच ठेवला आहे.)

चित्रपट मार्क मिलर (लेखन) आणि जॉन रोमिता ज्युनिअर (चित्रे) यांच्या त्याच नावाच्या कॉमिकवर आधारित असल्याचे सर्रास सांगितले जाते. श्रेयनामावलीपुरते ते बरोबर आहे, पण कालक्रम तितका सरळ नाही. आठ अंकांची ही मालिका मार्व्हलच्या ‘आयकॉन’ या शाखेने काढली. पहिला अंक फेब्रुवारी २००८ च्या अखेरीस विक्रीस आला. मुखपृष्ठावर मात्र एप्रिल महिना आहे. अमेरिकी कॉमिक-व्यवसायात पुढचा महिना छापण्याची जुनी पद्धत असल्याने संदर्भग्रंथांत दोन्ही तारखा आढळतात. शेवटचा अंक २०१० च्या सुरुवातीचा. चित्रपटाचे हक्क पहिला अंक निघण्यापूर्वीच विकले गेले होते आणि चित्रीकरण २००८ च्या उत्तरार्धात सुरू झाले. म्हणजे कॅमेरा फिरू लागला तेव्हा कॉमिकचा शेवट वाचकांच्या हाती नव्हता. काही अभ्यासक यास रूपांतर म्हणतात, तर काही एकाच कल्पनेची समांतर वाढलेली दोन रूपे मानतात. दोन्ही कृतींतील फरक पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

हे फरक किरकोळ नाहीत. चित्रपटातील बिग डॅडी हा गुन्हेगारी टोळीच्या म्होरक्याने खोट्या गुन्ह्यात अडकवलेला माजी पोलीस अधिकारी असून पत्नीच्या मृत्यूचा सूड घेण्यासाठी मुलीला (हिट-गर्ल) लढवय्यी म्हणून घडवतो. कॉमिकमध्ये तो साधा हिशेबनीस आहे. पोलिसी पूर्वायुष्य त्याने रचलेले असते आणि खर्च जुनी मौल्यवान कॉमिके विकून भागवलेला असतो. कॉमिकमध्ये नायकाला त्याची आवडती मुलगी केटी झिडकारते, चित्रपटात स्वीकारते. मूळ कृतीत स्वप्नाची किंमत मोजावी लागते, ती चित्रपट बऱ्याच अंशी माफ करतो. विशेष म्हणजे बिग डॅडीची बदललेली पूर्वकथा पडद्यावर कॉमिकच्या चौकटींतूनच उलगडते आणि त्या चौकटी रोमिता ज्युनिअर यांनीच काढल्या आहेत. मूळ चित्रकारानेच पर्यायी उगम चितारावा, हे समांतर वाढीच्या मताला पुष्टी देते.

कथानक न्यूयॉर्कमध्ये घडते. डेव्ह लिझेव्स्की (एरन जॉन्सन) हा शाळकरी मुलगा पाणबुड्याचा हिरवा पोशाख घालून गुन्हेगारांना अडवायला जातो. पहिल्याच झटापटीत त्याला भोसकले जाते आणि वर मोटारीची धडक बसते. उपचारांत हाडांना धातूचा आधार दिला जातो, चेतातंतूंची हानी होऊन वेदना कमी जाणवू लागतात. ‘सामान्य माणूस’ ही व्याख्या येथे थोडी सैल होते, हा आक्षेप रास्त आहे; तथापि मार खाऊन उभे राहणे एवढीच त्याची शक्ती उरते. एका मारामारीचे चित्रण बघ्यांच्या मोबाईलवरून इंटरनेटवर पसरते आणि तो प्रसिद्ध होतो. अन्य भूमिका : निकोलस केज (बिग डॅडी), क्लोई ग्रेस मोरेट्झ (हिट-गर्ल), मार्क स्ट्राँग, ख्रिस्तोफर मिंट्झ-प्लास. मुखवट्यामागे केज तुटक लयीत बोलतात. ती १९६० च्या दशकातील दूरचित्रवाणीवरील बॅटमॅन अ‍ॅडम वेस्ट यांची ढब आहे.

स्टुडिओंनी नकार दिल्याने व्हॉन यांनी पैसा स्वतंत्रपणे उभा केला. खर्च सुमारे ३ कोटी डॉलर, जगभरातील तिकीटविक्री साडेनऊ कोटींहून अधिक.

वाद झाला तो हिट-गर्लवरून. चित्रीकरण सुरू झाले तेव्हा मोरेट्झ अकरा वर्षांची होती; तिच्या तोंडी अर्वाच्य शिव्या आणि हाती शस्त्रे आहेत. ब्रिटनमध्ये ‘१५’ (पंधरा वर्षांखालील मुलांना मज्जाव), अमेरिकेत ‘आर’ (सतरा वर्षांखालील मुलांना प्रौढांसोबतच प्रवेश) प्रमाणपत्र मिळाले. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी एकच तारा देऊन नैतिक आक्षेप घेतला. लहान मुलीला मोठ्यांकडून झालेली मारहाण त्यांना विनोदी वाटली नाही. शिव्यांवरची ओरड काळाबरोबर ओसरली, पण ईबर्ट यांच्या आक्षेपाचे वजन अद्याप कायम आहे. कारण चित्रपटात या बापलेकीची ओळखच वडील मुलीच्या छातीवर, गोळीरोधक जाकिटावर, गोळी झाडतात अशा विनोदी प्रसंगाने होते. ते प्रेम आहे की अत्याचार, याचा निवाडा चित्रपट करत नाही.

याच सुमारास जेम्स गन यांचा ‘सुपर’ (२०१०) आणि पीटर स्टेबिंग्ज यांचा ‘डिफेंडर’ (२००९) हे निकटच्या विषयावरील चित्रपट आले. हिंदीत विक्रमादित्य मोटवानी यांचा ‘भावेश जोशी सुपरहिरो’ (२०१८) मुंबईतील पाणीमाफियांविरुद्ध मुखवटा चढवतो. वासन बाला यांच्या ‘मर्द को दर्द नहीं होता’ (२०१८) या मुंबईतल्याच चित्रपटाचा नायक जन्मतः वेदनाहीन आहे. साम्य लक्षणीय असले, तरी त्यावरून थेट प्रभाव गृहीत धरू नये.

दुसरा भाग (२०१३) जेफ वॉडलो यांनी दिग्दर्शित केला. सँडी हुक शाळेतील गोळीबारानंतर त्यातील हिंसेचे समर्थन करता येत नाही, असे त्यातील अभिनेते जिम कॅरी यांनी प्रदर्शनापूर्वी जून २०१३ मध्ये जाहीर केले.