पापणी उचलली, पण डोळा मिटतो का?

पापणीचं ऑपरेशन करून घरी आणलेलं लेकरू रात्री झोपतं आणि त्याचा डोळा अर्धवट उघडाच राहतो. ऑपरेशन बिघडलं, असंच घरच्यांना वाटतं. जन्मजात झुकलेली पापणी उचलल्यावर काही आठवडे, कधी काही महिने असं होतं, आणि सर्जनने ते गृहीत धरलेलं असतं. काळजी करायची ती त्या फटीतून बुबुळ सुकण्याची.

आपल्याकडे अजूनही अशा लेकराच्या आईला विचारतात, ग्रहणात काही चिरलं-कापलं होतं का? त्याचा काहीएक संबंध नाही. पापणी उचलणारा स्नायू गर्भातच नीट घडत नाही. त्याच्या धाग्यांच्या जागी चरबी आणि चिवट तंतू येतात. असा स्नायू पुरेसा आकसत नाही, म्हणून पापणी खाली राहते. तो पुरेसा सैलही होत नाही, म्हणून लेकरू खाली बघतं तेव्हा पापणी वरच अडकते. ही दुसरी खोड ऑपरेशनने जात नाही, उलट जास्त दिसते. आधी कुणी सांगितलं नसेल, तर नंतर घरात त्यावरूनच भांडणं होतात.

ऑपरेशनआधी डॉक्टर लेकराची भुवई अंगठ्याने दाबून धरतात आणि खाली-वर बघायला लावून पापणी किती सरकते ते मोजतात. निरोगी पापणी साधारण १५ मिमी सरकते. हा आकडा ४ किंवा त्याहून कमी असेल तर मूळ स्नायूवर भिस्त ठेवता येत नाही. मग पडदा दोरीने ओढून वरच्या खुंटीला बांधावा तशी पापणी कपाळाच्या स्नायूला बांधतात; भुवई उचलली की पापणीही उचलली जाते. लहानग्यांना बहुधा सिलिकॉनची दोरी वापरतात. वयाच्या तीन-चार वर्षांनंतर दोरीसाठी लेकराच्याच मांडीतल्या चिवट पडद्याची पट्टी काढता येते, ती जास्त टिकते. सिलिकॉन सैल पडू शकतं, त्याला जंतुसंसर्ग होऊ शकतो, कधी ते त्वचेतून बाहेर डोकावतं.

मोठ्या माणसाला टेबलावरच 'डोळे उघडा' म्हणून पापणीची उंची जुळवता येते. लेकराला पूर्ण भूल दिलेली असते, त्यामुळे सगळा हिशेब अंदाजाचा. म्हणूनच पापणी थोडी खाली राहणं ही सगळ्यात नेहमीची अडचण. माझ्या मते ती सगळ्यात सोसण्यासारखीही आहे. फोटोत दोन्ही डोळे सारखे दिसावेत म्हणून जास्त ओढलेली पापणी बुबुळाला धोका देते.

हा धोका कितपत, ते डोळा मिटताना बुबुळ वर सरकतं का यावरून कळतं. बहुतेकांचं सरकतं आणि फटीत फक्त पांढरा भाग दिसतो. ज्याचं सरकत नाही, त्याच्या बाबतीत सर्जन पापणी मुद्दाम कमी उचलतात. पापणी सकाळी बरी आणि संध्याकाळी खाली, असं असेल तर आधी स्नायू थकवणारा आजार तपासावा लागतो; चाकूची गरजच नसेल कदाचित.

आता आपला मुलूख. एप्रिल-मेमध्ये परभणी, नांदेड, लातूरकडे पारा चाळिशी ओलांडतो, रात्रभर कूलर तोंडावर असतो, दारात फुफाटा. उघड्या राहणाऱ्या डोळ्याला याहून वाईट हवा नाही. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, झोपताना मलम, आणि कूलर-पंख्याचा झोत दुसरीकडे वळवणं, एवढं तरी झालंच पाहिजे. काजळ, तूप, आईचं दूध डोळ्यात नको. मेडिकलमधून आपल्याच मनाने आणलेले लाली घालवायचे थेंबही नकोत. त्यात स्टिरॉइड असेल तर जखम चिघळते. डोळा लाल झाला, उजेड सोसेना, पाणी थांबेना किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दोरी सैल करून डोळा वाचवता येतो.

बीडकडची अनेक कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. ऑपरेशन करून लगेच फडावर गेलं की पुढच्या तपासण्या बुडतात आणि पाचटाची धूळ डोळ्यात जाते. पापणी बाहुलीच्या वर असेल आणि घाई नसेल, तर पावसाळ्याची सुरुवात मला सोयीची वाटते: हवेत ओल असते आणि माणसं गावात असतात. पण पापणीने बाहुलीच झाकली असेल तर महिने बघत बसू नये. मेंदू त्या डोळ्याकडून बघायला शिकतच नाही आणि डोळा आळशी होतो. वयाच्या सात-आठ वर्षांनंतर ते भरून काढणं अवघड जातं. अंगणवाडी आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना अशी पापणी दाखवावी. पुढे मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवण्याची सोय तिथूनच होते.

एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालेलं असताना आणखी एक पेच होतो. तो डोळा आळशी असेल, तर लेकरू चांगल्या डोळ्यानेच बघतं, भुवई उचलायची त्याला गरजच पडत नाही, आणि नीट बांधलेली पापणीही खालीच दिसते. अशा वेळी दोरी पुन्हा ओढण्याआधी चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर ठरलेले तास पट्टी, हे दोन्ही नेमाने होतंय का ते बघावं. पट्टी किती तास आणि किती महिने, हे प्रत्येक तपासणीत नजर मोजून ठरतं.