एक रात्र इकडची तिकडे: डिसेंबरात ग्रुपनं प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्टला निघताना

गणपती उठले की आमच्याकडे डिसेंबरच्या ग्रुपची वर्दळ सुरू होते. कॉलेजचे मित्र, भिशीच्या मैत्रिणी, सोसायटीतली तीन-चार जोडपी. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट या तीन शहरांची नऊ रात्रींची सहल बहुतेकांना आधीपासून माहीत असते, कारण आधी जाऊन आलेल्या कुणीतरी फोटो दाखवलेले असतात. त्यामुळे सहलीत काय काय आहे ते इथं पुन्हा सांगत नाही. हे पत्रक एका वाक्यासाठी काढलं आहे. दर हंगामात ते आम्हाला फोनवर ऐकू येतं आणि त्यापायी तुमचे आणि आमचे कित्येक दिवस जातात. ते वाक्य असं: "प्लॅन तोच आहे हो, फक्त व्हिएन्नाची एक रात्र काढून प्रागला द्या."

ही मागणी साधी वाटते, आणि हॉटेलपुरतं बोलायचं तर ती साधी आहेही. अडचण येते ती व्हिसापाशी.

शेंगेन व्हिसा एकच असला आणि त्यावर युरोपातले 29 देश फिरता येत असले, तरी अर्ज कुठल्याही देशाकडे देऊन चालत नाही. ज्या देशात तुमचा सर्वांत जास्त मुक्काम, त्याच्याकडे अर्ज करायचा, असा नियम आहे. मुक्काम सारखाच असेल तर ज्या देशातून तुम्ही शेंगेनमध्ये शिरता त्याच्याकडे. आता आमची नेहमीची मांडणी बघा: प्राग 3, व्हिएन्ना 4, बुडापेस्ट 2. जास्त मुक्काम ऑस्ट्रियात, म्हणून अर्ज ऑस्ट्रियाकडे. त्यातली एक रात्र हलवून प्राग 4, व्हिएन्ना 3 केलं की अर्ज चेक प्रजासत्ताकाकडे जायला हवा. म्हणजे फॉर्म नवा, कव्हर लेटर नवं, अपॉइंटमेंट नवी, आणि शहरांच्या तारखा सरकल्यामुळे हॉटेलची व्हाउचर आणि मधली रेल्वेची तिकिटंही नवी. तिन्ही शहरांत तीन-तीन रात्री केल्या तर विमान पहिलं कुठं उतरतं यावर सगळं ठरतं, आणि मग तिकीट बदललं की पुन्हा तोच घोळ.

गेल्या हंगामात आठ जणींचा एक भिशीचा ग्रुप होता. चौघींचे अर्ज आणि बोटांचे ठसे देऊन झाले होते, उरलेल्या चौघींची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात होती. मधल्या शनिवारी त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलं की प्राग जास्त सुंदर आहे, तिथं एक रात्र वाढवू. त्यांनी ती रात्र स्वतःच बुक केली, तीही पैसे परत न मिळणाऱ्या दरात, आणि नवा कार्यक्रम छापून आमच्याकडे आणला. एकाच ग्रुपच्या आठ अर्जांत दोन वेगवेगळे कार्यक्रम, आणि त्यातल्या दुसऱ्यात जास्त मुक्काम चेकमध्ये असताना अर्ज मात्र ऑस्ट्रियाकडे! ते कागद तसेच गेले असते तर अधिकाऱ्यानं आठही जणींना प्रश्न विचारले असते. सगळं पूर्ववत करायला नऊ दिवस लागले आणि त्या रात्रीचे पैसे गेले ते गेलेच. त्या आठही जणी वेळेवर निघाल्या, छान फिरून आल्या. पण ते नऊ दिवस आम्ही सगळे घोर लावून बसलो होतो.

म्हणून आम्ही आता एक पद्धत ठेवली आहे आणि ती बदलत नाही. कुठल्या शहरात किती रात्री, ते एका कागदावर लिहून ग्रुपमधल्या प्रत्येकाची सही घेतो, आणि मगच अपॉइंटमेंट काढतो. काहींना हे जाचक वाटतं. "आम्ही पैसे देतोय, मग सही कशाला?" असंही विचारलं जातं. सही पैशांसाठी घेत नाही. तुमच्या ग्रुपमधल्या सर्वांनी हा कार्यक्रम खरोखर वाचला आहे, एवढं आम्हाला कळावं म्हणून घेतो. त्यानंतर रात्र हलवायची असेल तर नव्यानं अर्ज तयार करण्याचा खर्च आम्ही लावतो, आणि तो किती ते पहिल्या भेटीतच सांगतो. ग्रुपच्या वतीनं बोलणारा माणूसही एकच ठरवा. पाच जणांचे पाच फोन आले की कुठला निरोप शेवटचा धरायचा ते आम्हाला कळत नाही.

एखादं ठिकाण फारच मनात भरलं असेल तर त्यासाठी रात्र हलवायची गरज बहुधा पडत नाही. मुक्काम आहे तिथंच ठेवून दिवसाची फेरी करता येते. प्रागहून ड्रेस्डेन रेल्वेनं साधारण अडीच तासांवर आहे आणि तिथला नाताळबाजार 1434 पासूनचा आहे. व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हा जेमतेम तासाभराच्या अंतरावर. सकाळी निघून रात्री आपल्याच हॉटेलात परत. देश वाढतो, अर्जातला मुक्काम तसाच राहतो. या दोन्ही फेऱ्या आम्ही आखून देतो, आणि आमचे बरेच ग्रुप त्या घेतात.

आता वेळेबद्दल. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि निघण्याच्या 15 दिवस आधीपर्यंत. निर्णयाला सर्वसाधारणपणे 15 दिवस धरतात, पण तो 45 दिवसांपर्यंत लांबू शकतो, आणि डिसेंबरच्या आधी अपॉइंटमेंट मिळणंच कठीण होतं. "दिवाळी झाली की बघू" म्हणणाऱ्या ग्रुपला आम्ही नम्रपणे पुढच्या वर्षीचं सुचवतो. कामाला आमची ना नाही, पण दिवाळीनंतर हाती उरलेल्या दिवसांत आम्ही तुम्हाला खात्रीनं काही सांगू शकत नाही. रात्री जुलै-ऑगस्टमध्ये ठरवा, अर्ज सप्टेंबरमध्ये जाऊ दे. त्या काळात पासपोर्ट सहसा वकिलातीकडे असतो, तेव्हा मधे दुबई-सिंगापूरचा बेत आखू नका. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान 3 महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला हवा. विमा किमान 30,000 युरोचा आणि मुक्कामाचे सगळे दिवस धरणारा हवा. तारीख सरकली की विमाही सरकतो, तेही लोक विसरतात.

व्हिसाचं शुल्क 11 जून 2024 पासून मोठ्यांना 90 युरो आहे, व्हिसा अर्ज केंद्राचा सेवाआकार वेगळा. व्हिसा नाकारला तर शुल्क परत मिळत नाही. ते आमच्या हातात नाही, पण दरवर्षी विचारलं जातं म्हणून लिहिलं.

ग्रुपमध्ये कुणी आधी युरोपला जाऊन आलं असेल तर पहिल्या भेटीतच सांगा. एप्रिल 2024 पासून भारतातल्या अर्जदारांसाठी सवलत आहे: आधीच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा, अनेकदा ये-जा करता येणारा व्हिसा मिळू शकतो. कुणाकडे असा चालू व्हिसा असेल, मग तो फ्रान्सनं दिलेला का असेना, तर त्यांना या सहलीसाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही. कुठल्याही 180 दिवसांत शेंगेन देशांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं; त्यांचे ते दिवस संपलेले नाहीत ना, एवढं आम्ही मोजून देतो. येता येता लंडन करायचं असेल तर तो व्हिसा पूर्ण वेगळा. तोही आधी सांगा.

पैशांच्या कागदांत ग्रुपवाले हमखास एक चूक करतात. सगळ्यांनी मिळून खर्चाची रक्कम एकाच्या खात्यात जमा करायची आणि तेच स्टेटमेंट सगळ्यांना चालेल असं धरायचं. भिशीचा हप्ता नेमका त्याच महिन्यात एकीला लागतो, तोही त्यात. मित्र कितीही जुने असले तरी अर्ज प्रत्येकाचा स्वतंत्र असतो. उत्पन्न, बँकेचं स्टेटमेंट, नोकरीचं किंवा धंद्याचं पत्र, सगळं ज्याचं त्यानं द्यायचं. एकाच्या खात्यात अचानक मोठी रक्कम आलेली दिसते आणि बाकीच्यांच्या खात्यांतून तेवढीच गेलेली, असं चित्र कुणाच्याच फायद्याचं नाही. सहलीचे पैसे ज्यानं त्यानं आपल्या खात्यातून थेट भरावेत. आम्ही प्रत्येकाच्या नावानं वेगळी पावती देतो, ती यासाठीच.

आणखी एका गोष्टीला आम्ही स्पष्ट नाही म्हणतो. "अमक्या देशाचा व्हिसा लवकर मिळतो, तिथली हॉटेलं दाखवून अर्ज करा, नंतर रद्द करू." हे आम्ही करत नाही. विमानतळावरचा अधिकारी हॉटेलचं बुकिंग मागू शकतो, आणि खोटं सांगून मिळवलेला व्हिसा रद्द होऊ शकतो. त्याची नोंद तुमच्या पुढच्या प्रत्येक अर्जाच्या वेळी समोर येईल. यामुळे काही ग्राहक आमच्याकडून उठून दुसरीकडे गेले. तरी ही पद्धत आम्हाला सोडायची नाही. व्हिसा हातात आल्यावर आजारपण किंवा रद्द झालेलं विमान अशा खऱ्या कारणानं कार्यक्रम थोडा बदलला, तर घाबरायचं कारण नाही. नवी बुकिंग सोबत ठेवा आणि विचारलं तर खरं सांगा.

तारखा निवडताना आमचं मत ठाम आहे: 8 ते 20 डिसेंबरच्या दरम्यान जा. सगळ्यांना रजा मिळते ती 24 नंतर, आणि तोवर बरंच काही आवरलेलं असतं. व्हिएन्नात रातहाउससमोरचा, म्हणजे नगरपालिकेच्या इमारतीसमोरचा, मोठा नाताळबाजार 26 डिसेंबरला उठतो, जर्मनीतले बहुतेक त्याआधीच. चेकमध्ये मोठी दुकानं 24 तारखेला दुपारी बारापासून आणि 25, 26 ला कायद्यानंच बंद असतात. बुडापेस्टला 24 च्या दुपारनंतर ट्राम-बसची दिवसाची सेवा आटोपते. नाताळ तिथं घरात बसून साजरा होतो, आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाजारपेठ जशी एकदम शांत होते तसा. रजा 24 नंतरचीच असेल तर प्राग शेवटी ठेवू, कारण तिथला बाजार 6 जानेवारीपर्यंत असतो. पण हा क्रमही सहीच्या आधी सांगा.

त्या दिवसांत व्हिएन्नात सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि चारला मावळतो. पुण्यात सहापर्यंत उजेड असतो, त्या हिशोबानं यादी करून आणली की ती निम्मी राहून जाते. म्हणून शॉनब्रुन राजवाड्याची बाग, प्रागचा चार्ल्स पूल, बुडापेस्टचा किल्ल्याचा डोंगर असं उघड्यावरचं सगळं आम्ही सकाळी ठेवतो, आणि बाजार संध्याकाळी. दिवे लागल्यावर ते खरे खुलतात. दिवसाला दोनच मोठी ठिकाणं का, असं विचारणाऱ्यांना हेच उत्तर आहे. आठ जणांच्या ग्रुपमध्ये कुणाला चहा हवा असतो, कुणाला स्वच्छतागृह, कुणाचा हातमोजा ट्राममध्ये राहिलेला असतो. त्यासाठी वेळ ठेवावाच लागतो.

बर्फ मिळेल का? या तीन शहरांत डिसेंबरात तो पडेलच असं नाही. तापमान शून्याच्या आसपास असतं, पण पाऊसही पडतो. बर्फासाठी व्हिएन्नाहून रेल्वेनं सेमरिंगला जाता येतं. ते हजारेक मीटर उंचावर आहे, म्हणून शक्यता बरी. आणि तिथवर जाणारा घाटाचा लोहमार्ग 1854 मध्ये पूर्ण झालेला, जागतिक वारसा यादीतला. खंडाळ्याचा घाट रेल्वेनं चढताना खिडकी सोडत नाही अशा माणसांनी तो चुकवू नये.

कपड्यांत जाड कोटापेक्षा आतले थर महत्त्वाचे. दुकानं, ट्राम, संग्रहालयं आतून चांगली गरम असतात, तेव्हा काढता-घालता येईल असं घ्या. बुटांचा तळ घसरणारा नको, दगडी रस्ते ओले असतात. बुडापेस्टच्या सेचेनी स्नानगृहासाठी पोहण्याचे कपडे आणि रबरी चपला पुण्याहूनच न्या. 1913 पासूनचं ते स्नानगृह आहे. बाहेर कडाक्याची थंडी, पाण्यातून वाफा निघताहेत आणि सगळा ग्रुप गळ्यापर्यंत गरम पाण्यात, ही या सहलीतली आमची सर्वांत आवडती सकाळ आहे. शाकाहारी मंडळींना बाजारात भाजलेले चेस्टनट मिळतात, आणि बुडापेस्टला लांगोश, भटुऱ्याच्या जवळ जाणारी तळलेली पोळी, वर आंबट साय आणि चीज. गरम पेयाच्या मगाचं डिपॉझिट घेतात. तो परत केला की पैसे परत, हवा तर ठेवून घ्या.

विमान फ्रँकफर्टसारख्या ठिकाणी बदलत असेल तर इमिग्रेशन तिथंच होतं. 12 ऑक्टोबर 2025 पासून प्रवाशांची नवी इलेक्ट्रॉनिक नोंदणी टप्प्याटप्प्यानं सुरू झाली, त्यामुळे रांगा लांबू शकतात. म्हणून आम्ही तीन तासांपेक्षा कमी अंतराचं जोडविमान देत नाही, मग दुसरीकडे ते चार हजारांनी स्वस्त का दिसेना.

पहिल्या भेटीला येताना सगळ्यांचे पासपोर्ट, जुने असतील तर तेही, आणि शहरागणिक रात्रींचे आकडे लिहिलेला एक कागद घेऊन या. आकड्यांवर एकमत झालं नसेल तर सगळा ग्रुपच घेऊन या. चहा पीत इथंच ठरवू, नकाशा टेबलावर असतोच.