सक्सेशन डीड की इन्व्हेंटरी? फी विचारण्याआधी हे बघा

"बाबांच्या नावावरचं घर आमच्या नावावर करायचंय. सगळं मिळून किती घेणार?" गोव्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या वकिलाला हा प्रश्न नवा नाही. एक वकील आकडा सांगून मोकळा होतो. दुसरा म्हणतो, "कागद आणा, मग बोलू." घरी परतल्यावर चर्चा ठरलेली: पहिला सरळ माणूस, दुसरा पैसे काढणारा. पण बऱ्याचदा ते दोघे दोन वेगळ्या कामांची फी सांगत असतात. पहिल्याच्या मनात सक्सेशन डीड असते, दुसऱ्याच्या मनात इन्व्हेंटरी. विचारणाऱ्याला ही दोन्ही एकच वाटतात.

वाटण्याला कारणही आहे. दोन्ही कामं माणूस गेल्यावरच सुरू होतात, दोन्हींत वारसांची यादी लागते, जन्म-मृत्यू-लग्नाचे दाखले तेच लागतात आणि दोन्ही एकाच कायद्यात आहेत. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात १८७० पासून लागू झाला आणि मुक्तीनंतरही टिकला. त्यातला वारशाचा भाग आता २०१२ च्या गोवा सक्सेशन, स्पेशल नोटरीज अँड इन्व्हेंटरी प्रोसीडिंग कायद्यात आला आहे. हा कायदा प्रत्यक्ष अमलात आला २०१६ च्या डिसेंबरात.

सक्सेशन डीड सांगते की वारस कोण. एवढंच. तालुक्याच्या सब-रजिस्ट्रारकडे स्पेशल नोटरीचे अधिकार असतात. त्याच्यासमोर कुटुंबाची माहिती असलेली माणसं सांगतात की अमुक तारखेला अमुक वारले, लग्न या पद्धतीचं होतं, मृत्युपत्र केलं किंवा केलं नाही, मागे पत्नी आणि इतकी मुलं आहेत आणि त्यांच्या बरोबरीचा किंवा त्यांच्याहून वरचा हक्क असलेलं दुसरं कोणी नाही. मग जाहीर सूचना छापून येते. गोव्याच्या पेपरांत आतल्या पानावर बारीक टायपात येणाऱ्या याच त्या सूचना. त्यात घर कोणाला, भाट म्हणजे माडा-पोफळींची बागायत कोणाला, याचा एक शब्द नसतो.

इन्व्हेंटरी ही कोर्टातली कारवाई. मालमत्ता काय काय आहे, तिची किंमत किती, कर्ज किती आणि शेवटी कोणाच्या वाट्याला काय, हे सगळं तिथे ठरतं. अर्ज दिवाणी न्यायालयात होतो. कोर्ट एकाला कुटुंबप्रमुख नेमतं. विधवा आई असेल तर साधारण तीच. तिने शपथेवर वारसांची नावं आणि मालमत्तेची यादी द्यायची. यादीवर हरकती येतात, मूल्यांकन होतं, मग सगळ्यांची बैठक. तिथे एकमत झालं तर त्याप्रमाणे वाटणी, नाही तर वारसांमध्येच बोली.

आता गोव्याबाहेरच्या वाचकासाठी एक गोष्ट, गोव्यातल्याही पुष्कळांना ती नीट ठाऊक नसते. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक धरतात, प्रत्येकाची अर्धी. नवरा गेला की बायकोचा अर्धा भाग तिचाच राहतो. तो वारसा नव्हे, आधीपासूनचीच मालकी. वाटणी होते ती उरलेल्या अर्ध्याची, मुलगे-मुली सगळ्यांत सारखी. आणि मुलाला मिळालेल्या वारशात सामायिकपणामुळे त्याची बायकोही येते, मुलीच्या वाट्यात जावई येतो. म्हणून विकताना सूनबाई आणि जावई यांच्याही सह्या लागतात. "घर आमच्या बापाचं, जावयाचं काय काम?" असं विचारणाऱ्याला सब-रजिस्ट्रारच्या टेबलापाशी उत्तर मिळतं.

बोलीचा भाग उदाहरणाने बघू, कारण तिथेच माणसं सगळ्यात जास्त घाबरतात. समजा म्हार्दोळात घर आहे, किंमत ६० लाख. फोंड्याच्या बाजारात गाळा, ३० लाख. ठाण्यात फ्लॅट, ३० लाख. वारस म्हणजे थोरला मुलगा, धाकटा मुलगा आणि ठाण्यात राहणारी मुलगी. शिवाय आई. एकूण १२० लाख. आईचे ६०, तिघा मुलांचे २० प्रत्येकी. गाळा दोन्ही मुलग्यांना हवा आहे. बोली चढत चढत ४२ लाखांवर थांबते आणि धाकटा तो घेतो. आता एकूण मालमत्ता १३२ लाखांची झाली. आईचा हक्क ६६, मुलांचा प्रत्येकी २२. धाकट्याने ४२ चा गाळा घेतला, हक्क २२ चा, म्हणजे त्याने २० लाख भरायचे. मुलीने ३० चा फ्लॅट घेतला, ती ८ भरणार. आईने ६० चं घर ठेवलं, तिला ६ मिळणार. थोरल्याने काहीच घेतलं नाही, तो २२ लाख रोख घेऊन जाणार. भरणारे २८, घेणारे २८. हिशोब जुळला.

यात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. भाव चढवला की हरणाऱ्याचाही वाटा वाढतो, त्यामुळे थोरला घरी रित्या हाताने गेला असं नाही. आणि जिंकणाऱ्याजवळ रोख पैसे हवेत. भावनेच्या भरात बोली लावून नंतर कर्जासाठी बँकेच्या पायऱ्या झिजवणारे असतात, म्हणून ही बोली वकिलाबरोबर आधी कागदावर मांडून बघावी. ठाण्याचा फ्लॅट गोव्याच्या इन्व्हेंटरीत कसा आला, असं कोणी विचारेल. २०१९ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की गोवेकराची मालमत्ता गोव्याबाहेर भारतात कुठेही असली, तरी तिच्या वारशाला गोव्याचाच कायदा लागू. मुंबई-ठाण्याला फ्लॅट घेतलेली घरं गोव्यात कमी नाहीत, म्हणून हे लक्षात ठेवलेलं बरं.

आता फी. सक्सेशन डीडच्या कामाला सुरुवात आणि शेवट दोन्ही दिसतात. दाखले गोळा करणं, मसुदा, नोटरीसमोर सही, सूचना, प्रमाणित प्रत. म्हणून ठरलेली, लंपसम फी इथे चपखल बसते आणि वकिलाने ती सांगायला हरकत नसावी. फक्त एक विचारा: ही फी एका डीडची की सगळ्या साखळीची? कारण गोव्यात घर वडिलांच्या नावावर आहे असं म्हणतात आणि एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीचा, उतारा काढल्यावर कळतं की नाव आजोबांचं आहे. आजोबा गेले, आजी गेली, मग एक काका निपुत्रिक गेले, मग वडील. प्रत्येक मृत्यूची वाट वेगळी दाखवावी लागते. एकाच डीडमध्ये किती बसवता येतील हे वकिलाने कागद बघूनच सांगायचं असतं. "कागद आणा, मग बोलू" म्हणणारा माणूस इथे खरा निघतो.

इन्व्हेंटरीला मात्र एक आकडा मागणं बरोबर नाही आणि कोणी छातीठोकपणे दिलाच, तर मी तरी आधी त्याचा अर्थ विचारीन. सगळे वारस एकमताचे असतील, तर अर्जाबरोबरच वाटणीचा मसुदा देऊन काम उरकतं. भाऊ-भाऊ बोलत नसतील, एखाद्या जमिनीवर कुळाचा किंवा मुंडकाराचा (मालकाच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचा) दावा असेल, यादीतून काही वगळल्याची हरकत आली, तर वर्षं जातात. मधला मार्ग म्हणजे टप्प्याटप्प्याची ठरलेली फी. अर्ज आणि यादीपर्यंत इतकी, हरकती आल्या तर त्यांची इतकी, बैठक आणि बोलीची इतकी, वाटणीचा तक्ता आणि अंतिम आदेशाची इतकी. दर तारखेला पैसे देण्यापेक्षा हे कधीही चांगलं. तारखेवर फी असली की केस पुढे ढकलली गेल्याचं दुःख एकाच बाजूला होतं.

कुठलीही फी ठरवताना ती कशाची नाही हेही लिहून घ्या. कोर्ट फी, स्टॅम्प, पेपरातल्या सूचनेचा खर्च, मूल्यांकन करणाऱ्याचे पैसे, प्रमाणित प्रती आणि मामलेदाराकडचं म्युटेशन म्हणजे नावाचा फेरफार, हे बहुधा वेगळं असतं आणि भांडण फीवरून कमी, या किरकोळीवरून जास्त होतं. आणि कोणी "मला हिश्श्यातले दहा टक्के द्या" म्हणाला, तर तिथून उठा. बार कौन्सिलच्या नियमांत निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळकतीत वाटा मागायला वकिलाला मनाई आहे.

म्युटेशनवरूनही गैरसमज आहेत. सक्सेशन डीड दाखवून एक-चौदावर सगळ्यांची नावं चढली, की घरात पेढे वाटतात. पण वाटणी झालेली नसते. नावं सामायिक आहेत, कोणाचं घर नि कोणाची पोफळी हे कुठेच लिहिलेलं नाही. एका भावाला आपला भाग विकायचा म्हटला तर नेमका कुठला भाग, याचं उत्तर त्या उताऱ्यात सापडत नाही. सगळे सज्ञान आणि एकमताचे असतील तर डीडनंतर नोंदणीकृत वाटणीपत्र करून कोर्ट टाळता येतं. हे काम पुन्हा लंपसम फीत बसणारं. अडचण फक्त सह्यांची. एक लंडनला, एक दुबईला, बहीण डोंबिवलीला. म्हणून गोव्यात असले कागद चवथीच्या आसपास पुढे सरकतात. गणपतीला सगळे मूळ घरी जमतात आणि आरती झाल्यावर कोणीतरी फाईल काढतं. परदेशातल्याचं मुखत्यारपत्र मागवायचं असेल तर ते चवथीच्या आधी सुरू करा, तेव्हा नाही.

बहिणीकडून हक्कत्याग लिहून घेण्याची पद्धतही जुनीच. डीडच्या बरोबरच तो कागद पुढे येतो आणि "सही कर गो" म्हटलं की ती करते. करायला हरकत नाही, पण त्याआधी तिने एकटीने, दुसऱ्या वकिलाकडून तो वाचून घ्यावा. भावाच्या वकिलाची फी भाऊ देतोय, त्याने तिची बाजू मांडायची नसते. स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. १९८७ च्या कायद्यात तशी तरतूद आहे आणि तालुक्याच्या कोर्टात चौकशी करता येते. फार जणींना हे माहीत नसतं.

राहता राहिला फोंड्याचा तो गाळा. भाडेकरू पहिल्याच महिन्यात विचारतो, "भाडं कोणाला देऊ?" इन्व्हेंटरी चालू असेल तर मालमत्ता सांभाळण्याचं काम कुटुंबप्रमुखाचं, म्हणजे भाडं त्याच्याकडे, पण हिशोब सगळ्यांना द्यायचा. फक्त सक्सेशन डीड झाली असेल तर गाळा सगळ्या वारसांचा सामायिक. म्हणून भाडं एका खात्यात यावं आणि ते कुठलं हे सगळ्यांनी लेखी द्यावं. मालक वारला म्हणून जुना भाडेकरू आपोआप जात नाही. १९६८ च्या गोव्याच्या भाडे नियंत्रण कायद्याखाली असलेल्याला काढायचं तर कायद्यातलं कारण दाखवून भाडे नियंत्रकापुढेच जावं लागतं. आणि नवा करार करायची घाई असेल तर तो वाटणीआधी करू नये. करायचाच तर आई, तिन्ही मुलं आणि त्यांचे जोडीदार अशा सगळ्यांच्या सह्या घेऊन करावा. एक वर्षाहून जास्त मुदतीचं लीज असेल तर नोंदणीही सक्तीची आहे. वकिलाला विचारताना हा करार वेगळं काम म्हणून विचारा. डीडच्या फीत तो "बसवून घ्या" म्हटलं, तर मसुदाही तसाच बसवलेला मिळतो.